पंचेचाळीस हजार मैल

दादाने वहिनीचा पुढचा दात पाडला त्याच आठवड्यात आमच्या गॅरेजमध्ये बँकेचा कार्डवाला आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तो मी लावला.

आमचं गॅरेज म्हणजे ठोकून आलेल्या गाड्या सरळ करायचं दुकान. इंजिनाला आम्ही हात लावत नाही. बाबा डेंटर होते. ते गेल्यावर दादा आणि मी निम्म्या-निम्म्या भागीत धंदा चालवायला लागलो. डेंट काढणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची, हलकी, नेमकी, शेकडो वेळा. जोरात मारलं की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा जन्मात पुन्हा सरळ होत नाही. हे दादाला माझ्याइतकंच माहीत होतं. गाडीवर त्याचा हात कधी जड पडला नाही. तो घरी पडायचा.

बाबांचा हात आम्हा दोघांकडे आला होता. बाबा आईला मारायचे तेव्हा आम्ही पलंगाखाली असायचो आणि दादा माझे कान दाबून धरायचा. माझे कान दाबणारा तो मुलगा पुढे कुठे गेला कोण जाणे. मीही काही संत नाही. पैसे न देता गाडी घेऊन निघालेल्या एका गिऱ्हाइकाची पुढची काच मी त्याच्यादेखत फोडली होती, आणि वर त्या काचेचं बिलही लावलं होतं. राग माझ्या नाकावर असतो. फक्त मी तो पत्र्यावर काढते.

राहायला आम्ही तिघं वहिनीच्या घरी. तिच्या वडिलांनी जाताना ते तिच्या नावावर केलेलं, दोन मजली आणि चिंचोळं, खाली स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. दादा लग्नानंतर तिथे राहायला गेला आणि आमची भाड्याची खोली सुटली तेव्हा मागोमाग मी गेले. दादाला कुणी घरजावई म्हटलं की तो त्याचं तोंड फोडायला धावायचा. ते तोंड हाताशी नसलं तर वहिनीचं होतंच.

वहिनी मला गमतीने ‘वन्सं’ म्हणायची, जुन्या बायकांसारखा पदर सावरल्याचा अभिनय करून. दात पडल्यावर तिने तो अभिनय बंद केला, कारण हसताना तोंडावर हात धरावा लागायचा.

तर कार्डवाला आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन पत्रकं. ती त्याने एका लाल गाडीच्या ताज्या रंगवलेल्या बोनेटवर ठेवली.

“उचल ते,” दादा म्हणाला. “ओरखडा पडला ना, तर तुझी कातडी काढून तिथे चिकटवीन.”

त्याने घाईघाईने कागद छातीशी धरले आणि तसंच बोलायला लागला. “साहेब, तुम्ही रंग, पुट्टी, थिनर सगळं रोखीत घेता. कार्डावर घ्या, काहीतरी परत मिळेल. हे कॅशबॅकचं कार्ड. हजाराच्या खरेदीवर पंधरा परत, महिन्याच्या बिलातून आपोआप वजा. आणि हे दुसरं मैलांचं. हजारावर वीस मैल. साठवायचे आणि विमानाचं तिकीट घ्यायचं.”

“मैल घेऊन काय करू? घरी नेऊन दावणीला बांधू?” दादा म्हणाला. “रोख दे. रोख ती रोख.”

दादा शिडीच्या चौथ्या पायरीवर चढला तरी त्याचे पाय लटपटायचे. विमानात बसणं त्याच्या सात पिढ्यांत होणार नव्हतं. आणि तेच माझ्या डोक्यात चमकलं. वहिनीची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहायची. ती दर फोनला म्हणायची, तुझे पासपोर्ट-व्हिसाचे कागद झालेत, निघून ये, बाकीचं मी बघते. पण निघायचं कशाने? गल्ल्यातला प्रत्येक आकडा दादा रोज बघायचा. मैल हा असा आकडा होता जो त्याने कधीच बघितला नसता.

मी कार्डवाल्याला बाजूला घेतलं आणि त्या देशाच्या तिकिटाला किती मैल लागतात ते विचारलं.

“फक्त जायचं? पंचेचाळीस हजार. यायचं नको, ताई?”

“यायचं नंतर बघू.”

हिशेब मी तिथेच भिंतीवर खडूने केला. आमची खरेदी महिन्याला बासष्ट-त्रेसष्ट हजारांची. म्हणजे पंचेचाळीस हजार मैलांना तीन वर्षं. तेवढ्याच काळात कॅशबॅकचे झाले असते जेमतेम चौतीस हजार, आणि तिकीट विकत घ्यायला लागणार होते अठ्ठेचाळीस. कुठल्याही बाजूने बघा, मैलच फायद्याचे. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला.

दादाला पटवणं त्याहून सोपं गेलं.

“घे की कॅशबॅक,” मी म्हटलं. “चांगलंच आहे. दर महिन्याला माझे अर्धे वेगळे काढून ठेव म्हणजे झालं.”

“तुझे अर्धे कसले?”

“भागी निम्मी, तर परत येणारे पैसेही निम्मे.”

त्याच्या कपाळावरची शीर फुगली. मला काही द्यायचं म्हटलं की ती फुगायचीच. “आणि मैलांचे?”

“मैलांची वाटणी होत नाही साहेब,” कार्डवाला म्हणाला. “एकाच खात्यात राहतात.”

“मग मैल दे.”

सही करायच्या आधी दादाने कार्डवाल्याचा अंगठा टेबलावरच्या, पत्रा आवळून धरायच्या वाइसमध्ये धरला आणि दांडा अर्धा फेरा फिरवला. “आता सांग, यात लपवलेलं काय आहे?”

“वार्षिक फी!” तो किंचाळला. “पाचशे! आई शप्पथ एवढंच! आणि मैल तीन वर्षांत वापरायचे, नाहीतर जुने जातात!”

दादाने दांडा उलटा फिरवला आणि त्याला चहा मागवला. आमचा म्हातारा पेंटर कोपऱ्यातून हे बघत होता. तो मान हलवून पुन्हा पॉलिश पेपर घासायला लागला. फोन नंबर माझा दिला, कारण दादाला बँकेच्या मेसेजांचा वीट होता.

तीन वर्षं मी ते कार्ड घासलं. रंगाचा डबा असो की झाडू, रोख द्यायची नाही हा माझा नेम. धंदा मंदावला की आमची खरेदी घटायची, ती तूट मी बाहेरून भरून काढायची. शेजारी गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्याला फोम घ्यायचा असला की मी म्हणायची, माझ्या कार्डावर घे, मला रोख दे. पेंटरच्या मुलीचं शिलाई मशीन माझ्या कार्डावर आलं. गल्लीत मला लोक वेडी म्हणायचे. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी फोनवर मैल बघायची.

आणि घरात दुसरीही मोजणी चालू होती. मैल सहा हजार झाले होते तेव्हा वहिनीचं मनगट मुरगळलं. चौदा हजारांच्या सुमाराला दादाने गरम इस्त्री तिच्या दंडाला लावली, शर्टाच्या कॉलरला घडी राहिली म्हणून. बावीस हजार मैलांच्या आठवड्यात तिच्या डाव्या कानावर अशी बसली की त्या कानाने तिला आजही नीट ऐकू येत नाही. डॉक्टरला ती प्रत्येक वेळी न्हाणीघरात पाय घसरल्याचं सांगायची. आमचं न्हाणीघर तीन पावलांचं. तिथे घसरायलाही जागा नाही.

तुम्ही म्हणाल, तू काय करत होतीस? सुरुवातीला मी मध्ये पडले होते. एकदा पाना फेकून दादाचं डोकं फोडलं, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी मी माल आणायला गेले तेवढ्यात त्याने त्या चार टाक्यांची भरपाई वहिनीकडून करून घेतली. तेव्हापासून मी मूग गिळून गप्प बसायला शिकले. वहिनीलाही काही सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, दादाने ते एका रात्रीत काढून घेतलं असतं. मी मनात म्हणायची, थांब, अजून नऊ हजार. थांब, अजून पाच. तिच्या दंडाला मलम लावताना माझ्या डोक्यात आकडे चालू असायचे, आणि मला तो धीर वाटायचा.

बेचाळीस हजार आठशेवर बँकेचा मेसेज आला. पहिल्या महिन्यांतले मैल येत्या एक तारखेपासून रद्द व्हायला लागणार. म्हणजे चढणारी शिडी खालून कापायला सुरुवात होणार. मला दोन हजार दोनशे मैल कमी पडत होते. एक लाख दहा हजारांची खरेदी, आणि हातात उरलेले दिवस अकरा. गॅरेजमध्ये तेव्हा ढीगभर रंग होता. लाखाचे पॉलिश पेपर आणले असते तर दादाने मला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं.

मग माझी नजर कॉम्प्रेसरवर गेली. रंगाच्या गनला हवा पुरवणारं ते मशीन, बाबांच्या वेळचं. त्याच्याशिवाय गॅरेज एक दिवस चालत नाही. नवीन मशीनची किंमत दुकानदाराने सांगितली, एक लाख अकरा हजार.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी गॅरेज उघडलं. कॉम्प्रेसरच्या पंपाला खाली एक काचेची चकती असते, तिच्यातून आतलं तेल दिसतं. हातोडीचा एक ठोका, अगदी हलका. काच तडकली, तेल थेंबाथेंबाने गळायला लागलं. ते फरशीवर दिसू नये म्हणून मी खाली भुसा टाकला. दहा वाजता पेंटरने मशीन चालू केलं. साडेदहाला पंप कोरडा पडला, ओरडला आणि जागच्या जागी आवळून बसला. धूर झाला. दादाने त्याला लाथ मारली आणि आमच्या बाबांना आणि मशीन बनवणाऱ्याच्या आईला एका दमात शिव्या दिल्या.

“नवीन घ्यावा लागेल,” मी म्हटलं. “मी आणते.”

“जा. आणि घासाघीस कर.”

मी दुकानात जवळजवळ उड्या मारत गेले. कार्ड मशीनमध्ये घातलं, आकडे दाबले, पावती निघाली. मी ती छातीशी धरली. दुकानदार म्हणाला, ताई, एवढा आनंद नवरा मिळाल्यावरसुद्धा होत नाही कुणाला.

रोज सकाळी कॉम्प्रेसरचं तेल बघायचं काम वहिनीचं होतं. ती डबा घेऊन यायची, झाडू मारायची, तेल बघायची. तडा बारीक होता, त्या सकाळी तिला तेल जागेवरच दिसलं असणार. हे मला माहीत होतं. तीन वर्षं मी तिला ते करताना रोज बघत होते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलंच नाही, कारण डोक्यात दुसऱ्या कशालाच जागा नव्हती.

टेम्पोत नवीन मशीन घेऊन मी परत आले तर गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. पेंटर बाहेर रस्त्यावर बसला होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं. “मी धरायला गेलो,” तो म्हणाला. “मला फेकून दिलं.”

मी वाकून आत शिरले. तीन वर्षं कुणी न्यायलाच न आलेल्या त्या लाल गाडीच्या चाकाशी वहिनी पडली होती. तिचा उजवा हात कोपराच्या खाली अशा ठिकाणी वळला होता जिथे हाताला वळता येत नाही. दादा जुन्या कॉम्प्रेसरचा ओढायचा दांडा हातात घेऊन उभा होता आणि धापा टाकत होता. “झाडताना बादली आपटली हिने,” तो मला म्हणाला, अगदी गिऱ्हाइकाला समजावतात तशा आवाजात. “काच फोडली आणि वर म्हणते मी नाही फोडली. खोटं बोलते. एक लाख अकरा हजारांचं खोटं.”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. “वन्सं,” ती म्हणाली, “मी नाही गं फोडली.”

 मी खिशातली पावती आणखी आत सारली.  टेम्पोवाला बाहेरून हॉर्न मारत होता, मशीन उतरवून घ्या म्हणून.

इस्पितळात हाताला प्लास्टर घातलं, आणि फोटोत दोन फासळ्या मोडलेल्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी पायऱ्या की न्हाणीघर असं काही विचारलं नाही. त्यांनी फक्त पेन उघडून विचारलं, “कुणी?”

वहिनीने पहिल्यांदा खरं सांगितलं. पेंटरनेही फुगलेल्या नाकाने साक्ष दिली. पोलीस दादाला गॅरेजमधून घेऊन गेले. जाताना तो मला ओरडून म्हणाला की नवीन मशीनला पहिल्या दिवशी तेल घालायला विसरू नकोस.

तिसऱ्या दिवशी मैल खात्यात आले. पंचेचाळीस हजार वीस. मी खुर्ची वहिनीच्या पलंगाशी ओढली, तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसले आणि फोन तिच्यासमोर धरला.

“हे बघ. तिकीट झालं.”

“कुणाचं?”

“तुझं! तुझ्या ताईकडे जायचं. तीन वर्षं साठवले मी. त्याला पत्ताच नाही. दोन दिवसांत तो जामिनावर सुटेल, त्याच्या आत तू हवेत असशील.”

ती फोनकडे बघत राहिली. मला वाटलं, रडेल. माझेच डोळे भरून आले होते.

“तीन वर्षं?” ती म्हणाली.

“हो.”

“माझा कान गेला तेव्हा किती होते?”

मी फोन खाली घेतला.

“सांग ना. तुला आठवत असेल. तुला सगळे आकडे आठवतात.”

“बावीस हजार.”

“आणि ते दुसरं कार्ड होतं ना, रोखीचं? तू भिंतीवर लिहिलं होतंस, मी झाडताना रोज वाचायची. त्याचे पहिल्या वर्षी किती झाले असते?”

“अकरा हजार. पण ते कमी आहेत गं. तिकीट अठ्ठेचाळीसचं आहे, मैलांनीच परवडतं. मी सगळा हिशेब...”

“दाराला नवीन कुलूप बाराशेचं,” वहिनी म्हणाली. फासळ्यांमुळे ती तुकड्या-तुकड्यांनी बोलत होती. “वकिलाची नोटीस पाच हजारांची. मी विचारून आले होते, दात पडला तेव्हाच. माझ्याकडे सहा हजार दोनशे नव्हते. तुझ्याकडे मागायला आले होते एकदा. तू म्हणालीस, थोडं थांब, माझ्या डोक्यात एक मोठी गोष्ट आहे.”

ते खरं होतं. मी तसं म्हटलं होतं.

“घर कुणाचं आहे?” तिने विचारलं.

“तुझं.”

“मग मी का जाऊ?”

 तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून मी घरमालकिणीला तिच्याच घरातून बाहेर काढायची तयारी करत होते. आमच्या आईने मार खाल्ला तेव्हा बाबांनी जावं असं कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. आईने कुठे जावं, एवढंच सगळे बोलायचे. मी मोठी झाले, धंदा शिकले, पण त्याच्या पलीकडचा विचार मला सुचला नाही.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, “वहिनी, काच मी फोडली. मैल कमी पडत होते.”

तिने डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. झोपलेल्या बाईच्या, फासळ्या मोडलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. माझा ओठ दातावर आपटून फाटला. शेजारच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. नंतर वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मी रक्त गिळत तिथेच बसले.

“या मैलांचं दुसरं काय मिळतं?” तिने शेवटी विचारलं.

मी यादी उघडली. मिक्सर, इस्त्री, चादरी, घड्याळं. ती बोटाने सरकवत गेली आणि एका जागी थांबली. चाकांच्या बॅगांचा संच, एक मोठी, एक लहान. चव्वेचाळीस हजार मैल.

“वहिनी, अगं बाजारात ह्या दोन बॅगा पाच हजारांना मिळतात! ह्यात लुटतात लोकांना. पंचेचाळीस हजार मैलांचं...”

“घरपोच देतात?”

“हो, पण...”

तिने डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. तीन वर्षं एका क्षणात गेली. मेसेज आला: आपल्या खात्यात एक हजार वीस मैल शिल्लक आहेत.

ती घरी आली त्या दिवशी बॅगा दारात येऊन पडल्या होत्या. कुलूपवाला आधीच बोलावला होता, त्याचे बाराशे मी दिले. वहिनी वर गेली आणि मी खाली दादाचे कपडे मोठ्या बॅगेत कोंबले. शर्ट, पँट, दाढीचं सामान, बाबांचा फोटो. कोंबताना मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. बॅग पायरीवर नेऊन ठेवली आणि दाराबाहेर उभी राहिले. उजव्या हातात हातोडी होती, डाव्या हातात लोखंडी ठोकळा. दार आतून बंद करायला मीच वहिनीला सांगितलं.

भर दुपारी दादा आला. चार रात्री कोठडीत काढलेल्या माणसाचा वास त्याला येत होता. त्याने बॅगेकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

“सरक.”

“बॅग उचल आणि नीघ.”

“बायको माझी आहे.”

“घर तिचं आहे. आणि काच मी फोडली होती, दादा. तिने नाही. तेव्हा ज्याला तुला मारायचं होतं, तो माणूस इथे उभा आहे.”

 मग त्याची मूठ आली. हिरडीत काहीतरी कटकन झालं. मी दारावर आपटले, त्याने माझे केस धरले आणि माझं डोकं चौकटीवर आदळलं, एकदा, दोनदा. मला उजेडाचे तुकडे दिसले. मी ठोकळा त्याच्या पोटात घातला. तो वाकला, पण त्याने केस सोडले नाहीत. तिसऱ्यांदा आदळायला त्याने उजव्या हाताने चौकटीचा आधार घेतला, पंजा लाकडावर सपाट पसरून. त्या हाताच्या मागे लाकूड होतं, जसा पत्र्याच्या मागे ठोकळा धरतात. मी हातोडी उचलली आणि मारली. जोरात. आयुष्यभर जसं मारायचं नाही म्हणून शिकले तशी मारली, आणि परत मारली, आणि बोटांचा आवाज आल्यावरही एकदा मारली.

तो ओरडला नाही. पायरीवर बसला आणि हात मांडीत धरून डोलायला लागला. लहानपणी पलंगाखाली बसायचा तसाच बसला होता. एका क्षणापुरतं मला त्याचे कान दाबून धरावेसे वाटले. गल्लीतली माणसं दारादारांत उभी होती. पेंटर पुढे आला, एका हाताने त्याने दादाला उठवलं आणि दुसऱ्या हाताने बॅग ओढत नेली. चाकं खडखड वाजत कोपऱ्यापर्यंत गेली.

मी दारावर थाप मारली. “वहिनी, उघड! गेला! हात मोडून पाठवला त्याला!”

माझ्या तोंडात रक्त होतं आणि मी हसत होते. मला वाटलं होतं, ती मला मिठी मारेल. ती मिठी मी कमावली होती असं मला वाटत होतं.

दार उघडलं. वहिनीचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. डाव्या हाताने तिने लहान बॅग उंबऱ्याबाहेर ठेवली.

“यात काय आहे?” मी विचारलं.

“तुझं सामान.”

“माझं? अगं, मी... हे सगळं मी तुझ्यासाठी केलं!”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “काच फोडलीस तीही माझ्यासाठीच.” मी काही बोलायच्या आत ती माझ्या हाताकडे बघून मागे सरकली. मी खाली पाहिलं. हातोडी अजून माझ्या मुठीत होती आणि तिच्या तोंडाला दादाची कातडी लागली होती. वहिनी माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती जी नजर मी तीन वर्षं रोज तिच्या चेहऱ्यावर पाहिली होती. ती दादासाठीची नजर होती.

“वन्सं, या घरात आता कुणाचाच हात नको,” ती म्हणाली आणि दार लावलं. नवीन कुलूप फिरल्याचा आवाज आला. चांगलं कुलूप होतं.

मी गॅरेजमध्ये राहते. लाल गाडीचं गिऱ्हाईक आलंच नाही, तिच्या मागच्या सीटवर झोपते. दादाचा हात कामाचा राहिला नाही असं पेंटर सांगतो. खटला चालू आहे, वहिनीचा वकील चांगला आहे. मैलांचं कार्ड मी कापून टाकलं आणि कॅशबॅकचं घेतलं. महिन्याचे नऊशे-साडेनऊशे वजा होतात. तेवढे मी पाकिटात घालून तिच्या दाराखालून सरकवते. पाकीट परत आलं नाही अजून.

त्या दिवशी बॅग उघडायला मला संध्याकाळ झाली. मला वाटलं होतं, मी दादाचे कोंबले तसे तिने माझेही कपडे कोंबले असतील. तसं नव्हतं. प्रत्येक कपडा वेगळा घडी केलेला होता. ओढण्या, सलवारी, कामाचे दोन डगले, सगळे. घड्या वाकड्या होत्या, एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी, कारण त्या तिने सगळ्या एका हाताने घातल्या होत्या.